आभाळाचा निरोप

जून महिना लागला की आमच्या धर्मग्रामात रविवारच्या मिस्साला आलेल्या भाविकांची नजर वेदीवर कमी आणि खिडकीबाहेर अधिक असते. याचा आम्ही कधी राग मानला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, पर्जन्यछायेच्या पट्ट्यात ज्याचे पोट दोन-अडीच एकर कोरडवाहू रानावर अवलंबून आहे, त्याने मृग नक्षत्रात आभाळाकडे पाहायचे नाही तर कोठे पाहायचे? अलीकडच्या काही वर्षांत मात्र खिडकीबरोबर खिशाकडेही हात जाऊ लागले आहेत. खिशात मोबाइल असतो, आणि त्या मोबाइलवर आभाळाचा निरोप येतो.

हा निरोप कोठून निघतो हे प्रथम समजले तेव्हा आम्ही थक्क झालो होतो. पृथ्वीपासून सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर आपल्या देशाचे हवामान-उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरत असल्यामुळे आपल्याला एका जागी स्थिर भासतात. इन्सॅट मालिकेतील तीन-डी हा उपग्रह २०१३ साली, तीन-डीआर २०१६ साली आणि तीन-डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये आकाशात गेला. असे उपग्रह ढगांची छायाचित्रे आणि वातावरणातील उष्णता व बाष्प यांची मापे रात्रंदिवस खाली पाठवतात. जमिनीवरील केंद्रांच्या नोंदींशी त्यांची सांगड घालून हवामान खाते अंदाज बांधते. त्या अंदाजाला कृषी विद्यापीठातील तज्ज्ञ पिकांचा सल्ला जोडतात. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हा सल्ला प्रसृत होतो. २०१९ साली निघालेल्या 'मेघदूत' या मोबाइलवरील सेवेतून तो मराठीतही वाचता येऊ लागला. नाव ठेवणाऱ्याला कालिदास आठवला असावा. परंतु त्याच्या यक्षाला निरोप फक्त प्रियेपर्यंत पोचवायचा होता. या मेघदूताला मात्र गावोगावच्या शेतकऱ्यांची दारे गाठायची असतात.

आमच्या वाड्यावस्त्यांवर मोबाइल बहुधा घरातील तरुण मुलाच्या हातात असतो, आणि रान कसते त्याची आई. तिला वाचता येत नाही, आणि मुलगा कामासाठी पुण्याला गेला की निरोपही त्याच्याबरोबर पुण्याला जातो. हे ध्यानात आल्यावर २०२१ च्या खरिपापासून आम्ही मिस्साच्या शेवटी, आशीर्वादापूर्वी ज्या सूचना देतो, त्यांत हा पीकसल्लाही वाचून दाखवू लागलो. लोकांना ते आवडले. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईश्वरज्ञान शिकलो, थोडे लॅटिनही शिकलो. पाभर कशी धरतात ते काही शिकलो नाही. त्यामुळे आपल्या हातून शेतकऱ्यांची काही सेवा घडत आहे याचा आम्हांला आनंद होता. खरे सांगायचे तर थोडा अभिमानही होता. पुढे जे घडले त्याचे मूळ त्या अभिमानात आहे.

२०२३ साली मोसमी पाऊस फार रेंगाळला. मृग कोरडा गेला, आर्द्रा निघाल्या. जूनच्या शेवटच्या रविवारी वर्तमानपत्रांत पाऊस राज्यभर पोचल्याच्या बातम्या होत्या आणि आमच्या मोबाइलवर तालुक्याचा पीकसल्ला आलेला होता. आम्ही तो उत्साहाने वाचून दाखवला. येत्या पाच दिवसांत पाऊस आहे, बियाण्याला बीजप्रक्रिया करून पेरणीची तयारी ठेवावी, असे आम्ही सांगितले. देवळात एक समाधानाची कुजबुज पसरली. आम्ही आशीर्वाद दिला आणि लोक लगबगीने घरी गेले.

त्यानंतर दोन रविवार आमच्या एका वस्तीवरील एक विधवा भगिनी मिस्साला दिसल्या नाहीत. सारा धर्मग्राम त्यांना मावशी म्हणतो, म्हणून येथेही आम्ही त्यांना मावशीच म्हणू. ऊन असो वा पाऊस, चार किलोमीटर चालत येऊन पहिल्या बाकावर बसणारी ही बाई दोनदा आली नाही, तेव्हा आजारी असेल या समजुतीने आम्ही मोटारसायकल काढून वस्तीवर गेलो. मावशी बांधावर बसल्या होत्या. समोर त्यांचे सव्वा एकर रान होते. ते पेरलेले होते, पण उगवलेले नव्हते. ढेकळांमधून कोठेतरी एखादा पिवळा कोंब डोके काढून वाळून गेला होता.

"मावशी, पाऊस नसताना पेरलंत कसं?" आम्ही विचारले.

त्यांनी आमच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, नवल होते.

"फादर, तुम्हीच देवळात सांगितलं ना, पाच दिसांत पाऊस हाय म्हणून. ट्रॅक्टरवाला त्याच दिवशी मोकळा व्हता, मागून कुठला मिळायचा? म्हणलं, फादर सांगत्यात, आता वाट कशाला बघायची?"

सोयाबीनची पिशवी त्यांनी उसनवारीवर आणली होती. ट्रॅक्टरचे भाडे द्यायचे होते. तालुक्याच्या गावाला त्या आठवड्यात पाऊस झाला होता. आम्ही स्वतः तेथील बाजारात छत्री उघडली होती. मावशींच्या वस्तीवर मात्र धूळ बसण्याइतके चार थेंब पडले. ते बियाणे फुगवायला पुरले, उगवायला पुरले नाहीत.

आम्ही घरी परतलो, मोबाइल उघडला आणि तो जुना सल्ला पुन्हा वाचला. त्यात तीन वाक्ये होती. पहिले वाक्य असे की तालुक्यात तुरळक ठिकाणी हलका ते मध्यम पाऊस होण्याची शक्यता आहे. दुसरे असे की पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नये. तिसरे बियाण्याच्या तयारीविषयी होते. आम्ही पहिले आणि तिसरे वाक्य वाचले होते. दुसरे गाळले होते. त्या दिवशी सूचना पुष्कळ होत्या. प्रथम कम्युनियनचे वर्ग, सभागृहाची रंगरंगोटी, वर्गणी. लोक दाराशी उभे होते. आम्ही आटोपते घेतले. पहिल्या वाक्यातील 'तुरळक ठिकाणी' हे दोन शब्दही आम्ही ओघात गिळले होते.

हवामान खात्याच्या परिभाषेत या शब्दांना नेमका अर्थ आहे. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातील जास्तीत जास्त चौथा हिस्सा ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे त्याहून अधिक, पण अर्ध्याच्या आत. म्हणजे निरोप असा होता की पाऊस चारांतल्या एकाच्या दारी येईल, आणि आम्ही चौघांनाही सांगितले की तो येतो आहे. उपग्रहाने काही चूक केली नव्हती. तज्ज्ञांनीही केली नव्हती. छत्तीस हजार किलोमीटर सुखरूप आलेला निरोप शेवटच्या वीस पावलांत, आमच्या वेदीपासून पहिल्या बाकापर्यंतच्या अंतरात, बिघडला होता.

वाचकहो, आणखी एक गोष्ट आम्हांला त्या रात्री उमगली. तोच सल्ला गावच्या पारावर कोणी वाचला असता तर मावशींनी चार जणांना विचारले असते. कोणी हसले असते, कोणी आभाळाकडे बोट दाखवले असते. पण तो देवळातून आला. ज्या ठिकाणाहून आम्ही शुभवर्तमान वाचतो, त्याच ठिकाणाहून आम्ही हवामानाचा अंदाज वाचला, आणि ऐकणाऱ्यांनी दोहोंवर सारखाच विश्वास ठेवला. अंदाज हा अंदाज असतो, त्याला अट असते. आमच्या झग्याने ती अट झाकली. प्रायश्चित्ताच्या संस्कारात आम्ही इतरांना कर्तव्यच्युतीच्या पापाविषयी विचारतो. एक वाक्य गाळणे हेही त्यात येते हे त्यापूर्वी आमच्या मनात कधी आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा वस्तीवर जाऊन मावशींची क्षमा मागितली. बियाण्याच्या उसनवारीतील काही भार उचलण्याची तयारी दाखवली. त्यांनी पैसे घेतले नाहीत. "पुढच्या टायमाला समदं वाचा म्हंजे झालं," एवढेच त्या म्हणाल्या. जुलैच्या मध्यास बरा पाऊस झाल्यावर त्यांनी बाजरी पेरली. दुबार पेरणीचा खर्च भागवण्यासाठी त्या वर्षी त्यांना दुसऱ्यांच्या रानात कांदे लावायला जावे लागले. ज्या वयात गुडघे वाकत नाहीत त्या वयात ओणवे राहून ते काम करायचे म्हणजे काय, हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक.

त्यानंतर आम्ही शिकायला बसलो. आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन आलेला आहे. तो आमचा गुरू झाला. त्याने सांगितले की हवामानाचे उपग्रह वेगळे आणि पिके पाहणारे उपग्रह वेगळे. युरोपीय अवकाश संस्थेचे सेंटिनेल-दोन नावाचे उपग्रह २०१५ पासून पृथ्वीभोवती फिरत आहेत. ते कोणत्याही शेतावरून साधारण दर पाच दिवसांनी जातात आणि त्यांची चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. पान आजारी पडले किंवा तहानले की हे प्रमाण बदलते. उपग्रह हा फरक टिपतो, आणि शेतकऱ्याला दिसण्यापूर्वीही कधीकधी पिकावरचा ताण त्यात दिसून येतो.

"फादर, त्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद चौकोन," तो म्हणाला. "म्हणजे किती, सांगा बरं?"

आम्हांला सांगता येईना. मग त्यानेच सांगितले की तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद, म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा! आम्ही कागदावर हिशेब करून पाहिला. फरक एका टक्क्याहून थोडाच अधिक होता. आपल्या आजोबापणजोबांनी ज्या मापाने भावाभावांत वाटण्या केल्या, बहिणींना आंदणे दिली आणि कोर्टात भांडणे नेली, त्याच मापाने आज आकाशातून आपले रान पाहिले जात आहे. मावशींचे सव्वा एकर म्हणजे पन्नास गुंठे, म्हणजे पन्नास ठिपके. एवढ्या मोठ्या पृथ्वीच्या चित्रात त्या बाईचेही पन्नास ठिपके आहेत, या विचाराने आम्हांला का कोण जाणे, फार बरे वाटले.

पण त्या तरुणाने दुसरी बाजूही सांगितली. हे उपग्रह ढगांआड पाहू शकत नाहीत, आणि आपल्या खरिपात तर महिनामहिना ढग असतात. ढग भेदून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत. पण त्यांचे चित्र वाचणे अधिक अवघड. ठिपक्यात बाजरी आहे की गवत, हे पिकाची नोंद नसेल तर चटकन कळत नाही. आणि ते रान कोण कसतो, हे तर मुळीच दिसत नाही. सातबाऱ्यावर नाव एकाचे, वाट्याने कसणारा दुसरा, आणि मोबाइलचा क्रमांक नोंदवलेला तिसऱ्याचा. निरोप तिसऱ्याला जातो. आमच्या समाजातील कितीतरी कुटुंबे आजही दुसऱ्याचे रान वाट्याने करतात. त्यांच्या घामाचे पीक आकाशातून दिसते, ती माणसे दिसत नाहीत.

हे ऐकताना आम्हांला थुंब्याची आठवण झाली. आपल्या अवकाश संशोधनाचा आरंभ तिरुवनंतपुरमजवळील थुंबा या कोळीवस्तीत झाला. चुंबकीय विषुववृत्त तेथून जाते म्हणून शास्त्रज्ञांना ती जागा हवी होती. परंतु तेथे संत मेरी मॅग्डलीन यांचे ख्रिस्तमंदिर होते, बिशपांचे निवासस्थान होते आणि कोळ्यांची घरे होती. डॉ. विक्रम साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले. बिशपांनी निर्णय स्वतः न देता रविवारच्या उपासनेत सर्व भाविकांपुढे ही मागणी ठेवली आणि लोकांनी आपले मंदिर देऊ केले, अशी आठवण डॉ. अब्दुल कलाम यांनी सांगून ठेवली आहे. त्या मंदिरात संशोधनाचे पहिले कार्यालय थाटले गेले आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून पहिला अग्निबाण उडाला. ते मंदिर आजही उभे आहे. त्यात आता अवकाश संशोधनाचे संग्रहालय आहे.

थुंब्याच्या त्या गरीब कोळ्यांनी आपले देऊळ दिले ते विज्ञान माणसांच्या, विशेषतः गरिबांच्या, उपयोगी पडेल या भरवशावर. हा भरवसा अगदीच वाया गेला असे नाही. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शेतीचे कार्यक्रम पोचवण्याचा प्रयोग झाला, आणि आज मोबाइलवर येणारा निरोप हे त्याचेच पुढचे पाऊल आहे. पण देऊळ देणाऱ्यांचे ऋण केवळ उपग्रह उडवून फिटत नाही. निरोप आमच्या मावशीपर्यंत पूर्ण पोचला तर ते फिटते. आणि बिशप परेरांची एक गोष्ट आम्हांला विशेष शिकण्यासारखी वाटली. अधिकार हाती असूनही त्यांनी आधी लोकांपुढे सारे मांडले आणि मग त्यांना विचारले. आम्ही लोकांना विचारले नव्हते, नुसते सांगितले होते.

आमच्या जिल्ह्याला याबाबतीत थोर वारसा आहे. स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी येथील उघड्या डोंगरांवर पाणलोटाची कामे उभी केली ती गावाला बरोबर घेऊन, गावाच्या श्रमदानातून. त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह १९९३ साली उभारलेली संस्था पाणलोटाबरोबरच गावात हवामानकेंद्रे बसवून स्थानिक पीकसल्ला देण्याचेही काम करते. त्या मानाने आम्ही जे केले ते अगदी लहान आहे. देवळाच्या अंगणात आणि तीन वस्त्यांवर आम्ही साधे पर्जन्यमापक बसवले. वस्तीवरील मापकाची नोंद तेथील महिला बचतगट करतो, आणि मावशींच्या वस्तीवरचे मापक मावशींच्याच बांधावर आहे. अंक त्यांना वाचता येतात. मिस्सानंतर, वेदीवरून नव्हे तर बाहेर लिंबाच्या झाडाखाली, तो तरुण संपूर्ण सल्ला सावकाश वाचतो. फळ्यावर प्रत्येक वस्तीचा पाऊस लिहिलेला असतो. मग प्रश्न होतात, वाद होतात, जुनी माणसे नक्षत्रांचे दाखले देतात. आम्ही एका बाजूला उभे राहून ऐकतो.

२०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्या खंडात उभ्या पिकाला वरखते देऊ नका, कोळपणी करून ओल राखा, असा सल्ला लिंबाखाली वाचला गेला. मावशींनी बाजरी दोनदा कोळपली. पीक निम्मेही आले नाही, पण घरात वर्षाची भाकरी आली.

खरी परीक्षा २०२५ मध्ये झाली. मोसमी पाऊस मे महिन्यातच, २४ तारखेला केरळात आणि २६ तारखेला मुंबईत पोचला. आमच्याकडे मेच्या अखेरच्या आठवड्यात असा कोसळला की ओढ्यांना पूर आले. मापकांनी शंभरी ओलांडली. २०२३ च्या नियमाने पाहिले तर पेरणीला हरकत नव्हती आणि लोक पाभरी काढून बसले होते. पण पुढे पाऊस थांबणार आहे, घाई करू नका, असे सल्ले येत होते. त्या वर्षी केंद्र सरकारने तेरा राज्यांतील सुमारे तीन कोटी ऐंशी लाख शेतकऱ्यांना पावसाच्या आगमनाचे अंदाज मोबाइलवर पाठवले होते, आणि पावसाची वाटचाल मध्येच थबकेल असेही त्यांत कळवले होते. २०२३ साली आम्ही अंदाज ऐकला आणि जमीन पाहिली नाही; आता केवळ जमीन पाहून अंदाज ऐकला नसता तर तीच गत होती. लिंबाखाली त्या रविवारी तासभर चर्चा झाली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आम्हांलाच विचारले, "फादर, तुम्ही काय म्हणता?" आम्ही काही बोलण्याआधी मावशी म्हणाल्या, "फादरला इचारू नका. कागद पुन्हा वाचायला लावा."

कागद पुन्हा वाचला गेला. बहुतेकांनी थांबायचे ठरवले, काहींनी पेरले. पाऊस खरोखर थबकला आणि जूनच्या मध्यास पुन्हा चालू लागला. थांबलेल्यांचे बियाणे वाचले.

हा विजय होता असे सांगून लेख संपवणे सोपे झाले असते. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यात आणि मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहून कुजले. इशारे आले होते, आम्ही ते पूर्ण वाचलेही होते. पण एका रात्रीत सव्वा एकराची काढणी करायला मावशींकडे ना माणसे होती ना यंत्र. योसेफाने मिसर देशाला सात वर्षांच्या दुष्काळाची आगाऊ सूचना दिली ती उपयोगी पडली, कारण त्यामागोमाग कोठारे बांधली गेली. नुसत्या सूचनेने कोणाचे पोट भरत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात लहान शेतकऱ्यांच्या बाजूने जो आग्रह धरला, त्याचा अर्थ आम्ही असा घेतो की ज्याला निरोप पोचवला त्याच्या बांधावर दुसऱ्या दिवशी आपणही गेले पाहिजे. त्या सप्टेंबरात आमचे युवक दोन रानांवर काढणीला गेले. बाकी रानांवर पोचता आले नाही.

आपापल्या धर्मग्रामांत हा लेख वाचणाऱ्या कुटुंबांना आमची विनंती एवढीच आहे. आपल्या घरात मोबाइल असेल आणि शेजारी नसेल, तर आलेला निरोप शेजाऱ्याला वाचून दाखवा, आणि त्यातील 'जर', 'तुरळक' आणि 'शक्यता' हे शब्द गाळू नका. अंगणात एक पर्जन्यमापक बसवा. रोज सकाळी त्यातील पाणी मोजून वहीत लिहा.

मावशींच्या बांधावरची वही आता तिसरी आहे. गेल्या रविवारी त्यांनी ती आमच्या हाती दिली आणि म्हणाल्या, "फादर, बेरीज बरोबर हाय का बघा." आम्ही दोनदा करून पाहिली. बरोबर होती.